मँटलचं कार्ड आणि ४०१(के)चं कर्ज

वाचकाचा प्रश्न : वय ४८, एडिसन, न्यू जर्सी. १९८५ साली, आठ वर्षांचा असताना, आईबाबांबरोबर डोंबिवलीहून क्वीन्सला आलो. इंग्रजी धड येत नव्हतं, बेसबॉलच्या कार्डांनी मित्र मिळवून दिले. फ्लशिंगला शाळेच्या वाटेवरच्या दुकानात काचेखाली १९५२चं, टॉप्स कंपनीचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ठेवलेलं असायचं. तेच कार्ड, पीएसए (कार्डांना दहापैकी दर्जा देणारी कंपनी) २ दर्जाचं, आता एक डीलर ४२,००० डॉलरला देतो आहे. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात ६ लाख १० हजार आहेत, त्यातून कर्ज काढायचा विचार आहे. शेअर खात्यात ७०,०००, बँकेत अडीअडचणीसाठी ३०,०००. मुलगी अकरावीत, तिच्या ५२९ या शिक्षणाच्या बचत खात्यात ८५,०००. आम्ही दोघं नोकरी करतो. बायको म्हणते वेड लागलंय. मी म्हणतो भाव वाढतोच आहे, ही गुंतवणूक आहे. बरोबर कोण?

उत्तर :

कर्ज काढू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. वेडाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. लहानपणी सांगलीत मी काड्यापेट्यांचे छाप जमवायचो. परवा त्यातलाच एक छाप ऑनलाइन विकायला दिसला, तर रात्री चार वेळा उठून किंमत बघून आलो. तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.

‘भाव वाढतोच आहे’ यामागे कुठली बातमी आहे तेही ओळखतो. ऑगस्ट २०२२मध्ये याच मँटलची एक प्रत, एसजीसी या दर्जा देणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या ९.५ दर्जाची, हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. विकणाऱ्याने ती १९९१ साली ५०,००० डॉलरला घेतली होती. म्हणजे एकतीस वर्षं, दर वर्षी साधारण साडेएकोणीस टक्के. तेच ५०,००० वर्षाला १० टक्क्यांनी वाढले असते तर साडेनऊ लाखांच्या आसपास थांबले असते. असा हिशेब वाचून कुणाचंही डोकं फिरेल. पण ती प्रत म्हणजे सत्तर वर्षांत जणू कुणी हातच लावला नाही अशी. पीएसए २ म्हणजे झिजलेले कोपरे, एखाददुसरी घडी, उडालेली चकाकी. नाव एकच, माल वेगळा. देवगड हापूसच्या पहिल्या पेटीच्या बोलीवरून रायवळचा भाव कुणी काढत नाही.

आता हे कार्ड इतकं महाग का, ते बघू. तुमचा निर्णय तिथेच अडकलाय असं मला वाटतं.

टॉप्सच्या साय बर्गरने १९५२चा संच तयार केला तेव्हा शेवटचे आकडे, ज्यात ३११ नंबरचा मँटल येतो, मोसम सरत आल्यावर बाजारात आले. माल पडून राहिला. जागा अडते म्हणून १९६० साली बर्गरने उरलेल्या पेट्या बोटीवर चढवल्या आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवल्या. ही कथा प्रत्येक डीलर सांगतो, आणि ती खुद्द बर्गरनेच सांगितलेली आहे. तुमच्या डीलरने बहुधा पुढचं सांगितलं नसेल. त्या शेवटच्या मालिकेत मँटल छपाईच्या कागदावर दोनदा होता, म्हणजे त्याच्या शेजारच्या कितीतरी अनोळखी खेळाडूंच्या दुप्पट छापला गेला. शिवाय हे त्याचं पहिलं कार्डही नव्हे. पहिलं १९५१चं, बोमन कंपनीचं. दर्जा देणाऱ्या कंपन्यांकडून गेलेली १९५२ची मँटल हजाराहून जास्त आहेत. नुसत्या दुर्मीळपणाला एवढा भाव मिळत नाही. पैसे पडतात ते आठवणीचे.

आणि आठवण तरी कुणाची? १९५२ साली जी मुलं पाच सेंटला पाकीट घेत होती ती १९८०च्या दशकात चाळिशीत आली, खिशात पैसे आले, आणि आईने फेकून दिलेलं परत विकत घेऊ लागली. त्याच सुमारास, १९८४मध्ये, बेकेटचं कार्डांच्या किमतींचं मासिक निघालं. तुम्ही त्या दुकानात उभे होतात तेव्हा नेमकं हेच चालू होतं. मँटल शेवटचा खेळला १९६८ साली. तुमचा तेव्हा जन्मही नव्हता. तुमचा हीरो मेट्स संघाचा डॉक गुडन असणार किंवा स्ट्रॉबेरी, आणि १९८६च्या ऑक्टोबरमधली वर्ल्ड सिरीजची ती रात्र, बोस्टनच्या बकनरच्या पायांमधून चेंडू गेला ती, तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर घडलेली. मँटल ही तुमची आठवण नव्हे. त्या काचेपलीकडून मोठ्या माणसांची आठवण तुम्ही उसनी घेतलीत. ती उसनी आहे म्हणून खोटी ठरत नाही. पण ४२,००० देण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय हे माणसाने स्वतःला विचारावं.

तुमच्या पिढीच्या स्वतःच्या कार्डांचं काय झालं ते तुम्ही जाणताच. जुनी कार्डं महाग झाली हे कळल्यावर १९८७ ते १९९३च्या दरम्यान सगळ्यांनीच ती जपून ठेवली आणि कंपन्यांनी छापतच सुटायचं ठरवलं. अमेरिकेत त्या काळाला सरळ ‘जंक वॅक्स’ म्हणतात, वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. १९८७चा टॉप्सचा ७९२ कार्डांचा अख्खा संच आज दोन माणसांच्या साध्या जेवणाच्या पैशांत मिळतो. १९८९च्या अपर डेक कंपनीच्या संचातलं एक नंबरचं केन ग्रिफी ज्युनियर सगळ्यांना हवं असतं, पण त्याच्या निर्दोष, दहापैकी दहा दर्जाच्या प्रतीच काही हजार आहेत. १९५२च्या आयांनी फेकलं म्हणून भाव आला. १९८७च्या आयांनी ठेवलं म्हणून गेला. त्यात आपल्या आया म्हणजे रिकामी श्रीखंडाची डबीसुद्धा न टाकणाऱ्या.

वीस वर्षांनी तुम्ही हे कार्ड विकायला काढाल तेव्हा समोर कोण असेल? मँटलला खेळताना पाहिलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांचे संग्रह येत्या काळात बाजारात उतरणार. तुमच्या नंतरच्या पिढीने पोकेमॉन जमवले. याला उलट उदाहरणही आहे, ते दडवत नाही. होनस वॅग्नर हा बेसबॉलपटू १९१७ला निवृत्त झाला, त्याला पाहिलेलं आज कुणी उरलेलं नाही, तरी त्याचं टी२०६ संचातलं कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. म्हणजे एखादं कार्ड आठवणीच्या पलीकडे जाऊन नुसतं नाव म्हणूनही टिकतं. मँटल त्या वाटेवर आहे हे मला मान्य आहे. फक्त वॅग्नरच्या ज्ञात प्रती साठच्या आसपास आहेत, आणि नाव टिकल्याचा फायदा आधी वरच्या दर्जाला मिळतो.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. डीलर ४२,००० म्हणतो. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे तुमच्या खिशातून गेले ४४,७८२. पुढे लिलावघराकडून विकलंत तर घेणारा बोलीवर साधारण २० टक्के अधिभार देतो, आणि तो लिलावघराचा. घेणाऱ्याने एकूण ४२,००० मोजले तर बोली ३५,०००ची, तुमच्या हातात फार तर तेवढे. म्हणजे भाव जागचा न हलताही जवळजवळ दहा हजार गेले. नुसतं मुद्दल सुटायला बाजारात या कार्डाचा भाव ५३,७०० व्हावा लागेल, म्हणजे २८ टक्के वाढ, आणि मिळकत शून्य. शेअर निर्देशांकात तेवढेच पैसे दहा वर्षं ७ टक्क्यांनी वाढले असं धरलं तर ८८,००० होतात. त्याची बरोबरी करायला कार्ड एक लाख पाच हजारांच्या वर विकलं जायला हवं. दरम्यान विमा वेगळा, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात अशा वस्तूंना फार थोडं संरक्षण असतं.

वर कर. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर तुमच्यासारख्या बहुतेक कुटुंबांना १५ टक्के केंद्रीय कर पडतो. संग्राह्य वस्तूंना मात्र तो २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तोटा झाला आणि ती वस्तू छंदाची ठरली, तर तो तोटा वजाही होत नाही.

भाव खालीही येतो हे विसरायला २०२१ पुरेसं जुनं झालंय वाटतं. त्या जानेवारीत मायकल जॉर्डनचं १९८६चं फ्लिअर कंपनीचं बास्केटबॉल कार्ड, दहा दर्जाचं, ७,३८,००० डॉलरला गेलं. दीडेक वर्षात तेच दोन लाखांच्या आसपास आलं. २०२१च्याच वसंतात पीएसएला कामाच्या ढिगामुळे नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं होतं आणि टार्गेट या दुकानसाखळीने हाणामारीच्या भीतीने दुकानातली कार्डविक्री बंद केली होती. त्या दिवसांत घेतलेल्यांनाही गुंतवणूकच वाटत होती.

४०१(के)च्या कर्जाबद्दल. नियमात बसतं, ५०,०००पर्यंत काढता येतं. ४२,०००चं कर्ज साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिना ८६० डॉलर. त्यातली पहिली दोन वर्षं संपतात तेव्हा मुलगी कॉलेजात पाऊल टाकत असणार, आणि ८५,०००मध्ये चार वर्षं निघत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे नोकरी गेली तर उरलेलं कर्ज त्या वर्षाचं विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत परत करावं लागतं. नाही जमलं तर ते काढलेले पैसे धरून त्यावर प्राप्तिकर, आणि साडेएकोणसाठच्या आत असल्याने बहुधा १० टक्के दंड. नोकरी जाते तो काळ आणि असल्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळत नाही तो काळ बहुतेकदा एकच असतो. तुमच्या पत्नी कर्जाबद्दल बरोबर आहेत. त्यांना हा मजकूर वाचायला द्या, फक्त काड्यापेटीचा भाग वगळून.

मग करायचं काय? महिना ८६० द्यायची तुमची तयारी होतीच. त्यातले ५६० मुलीच्या खात्यात वळवा, दीड वर्षात दहा हजार होतील. उरलेले ३०० ‘कार्डाचे’ म्हणून वेगळ्या खात्यात. दीड वर्षात ५,४००. हा पैसा खर्च झाला असंच समजा, सहलीचा समजतो तसा. परत आला तर आनंद. एवढ्यात १९५६चं टॉप्सचं मँटल, ज्या वर्षी त्याने फलंदाजीतला ट्रिपल क्राउन जिंकला त्याचं, मध्यम दर्जात व्यवस्थित बसतं. १९६०च्या दशकातली झिजलेली मँटल तर काही शे डॉलरपासून मिळतात. भिंतीवर लावल्यावर पाहुणा विचारणारच, आणि गोष्ट सांगायला १९५६ पुरतं.

तरीही कधीकाळी १९५२च घ्यायचं ठरलं, तर कर्जाशिवाय, आणि सीलबंद प्लास्टिकच्या डबीवरच्या दर्जाच्या आकड्यावर डोळे मिटून न विसंबता. टॉप्सने १९८३मध्ये हा संच स्वतःच पुन्हा छापला होता, त्यावरून बनवलेले नकली तुकडे फिरतात. आणि पीएसएचा ८ दर्जा मिळालेल्या सर्वांत प्रसिद्ध वॅग्नरच्या कडा कापल्याचं बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात कबूल केलं. पावती, दर्जाचा क्रमांक आणि कुठे विकायचं याची चिठ्ठी एकत्र ठेवा. तुमच्यामागे कार्ड मुलीला मिळालं तर कराच्या हिशेबात तिची खरेदी किंमत त्या दिवसाचा बाजारभाव धरली जाते. पण ते काय आहे हे तिला कळायला तर हवं.

एक काम मात्र या आठवड्यात करा. तुमच्या आईंच्या कपाटाच्या वर तुमचा बुटांचा खोका अजून असेल, असणारच. तो खाली काढा. आतलं बहुतेक दर्जासाठी पाठवू नका, पाठवण्याचा खर्च कार्डाच्या किमतीहून जास्त येईल. ग्रिफी दिसलं तर बाजूला ठेवा. आणि १९८६ची फ्लिअरची बास्केटबॉलची पाकिटं त्या काळी दुकानात पडून असायची, कुणी घेत नसे. बदलाबदलीत त्यातलं एखादं तुमच्याकडे आलं असेल. मागे ५७ नंबर, म्हणजे तोच जॉर्डन, असेल तर डीलरला नको, मला फोन करा.