बायबल देवप्रेरित आहे असं ख्रिस्ती लोक नक्की कशावरून मानतात?

तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ लिहिलीय, "बायबलमध्येच तसं लिहिलंय, हे उत्तर कृपया देऊ नका." त्या ओळीमुळंच लिहायला बसलो. हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला म्हणलो होतो, आईला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, आणि तेव्हा आमचं जे बिनसलं ते अजून धड जुळलेलं नाही.

तर आधी तुमचं. २ तीमथ्य ३:१६ (नव्या करारातलं एक पत्र, अध्याय ३, वचन १६), "प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख" वगैरे, हे आमच्याकडं संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देवाच्या श्वासातून आलेलं असा आहे आणि मला तो शब्द फार आवडतो. पण बाहेरच्या माणसापुढं ते वचन पुरावा म्हणून ठेवणं म्हणजे आरोपीनं स्वतःच स्वतःचा जामीन राहण्यासारखं आहे. शिवाय ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा शास्त्रलेख म्हणजे मुख्यतः आज आपण ज्याला जुना करार म्हणतो तोच, म्हणजे बायबलातला येशूच्या आधीचा भाग, नवा करार एका पुस्तकात बांधला जायला अजून बराच वेळ होता. त्यामुळं तुमची अट मला मान्य आहे.

दुसरं, व्हॉट्सॲपवर फिरतं ते. जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकात २६:७ ला पृथ्वी निराधार टांगलीय, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ४०:२२ ला पृथ्वीचं वर्तुळ आहे, म्हणजे बघा विज्ञान आधीच लिहून ठेवलं होतं! हे मला अजिबात पटत नाही. त्याच ईयोबात ९:६ ला पृथ्वीचे खांब हलतात, मग ते काय करायचं? ती कविता आहे, कवितेसारखी वाचावी. असल्या पुराव्यांनी कॉलेजात जाणारी आमची पोरं आधी फुशारतात आणि मग कुणीतरी खांबाचं वचन काढून दाखवलं की एका दिवसात सगळंच सोडून देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिसरं, हस्तलिखितं. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशयाची एक गुंडाळी आहे, सात मीटरपेक्षा लांब, सगळे ६६ अध्याय, आणि तोपर्यंत यशयाच्या ज्या जुन्यात जुन्या पूर्ण हिब्रू प्रती माहीत होत्या त्यांच्यापेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. स्पेलिंगचे, शब्दांचे फरक आहेत, पण पुस्तक तेच आहे. नक्कल करणाऱ्यांनी काय निष्ठेनं काम केलं असेल, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यानं सिद्ध काय होतं? मजकूर जपला गेला एवढंच. सातबारा शंभर वर्षं नीट जपला म्हणून त्यावरची पहिली नोंद बरोबरच होती असं कुठला तलाठी म्हणेल?

हां, त्या गुंडाळीमुळं एक गोष्ट मात्र पक्की होते. यशया ५३ येशूच्या आधीचं आहे, मागाहून कुणी रचून घुसडलेलं नाही. "तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला" हा अध्याय मी वाचतो तेव्हा मला क्रूसच दिसतो. बहुतेक यहुदी अभ्यासक त्यातला हा दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र असं वाचतात, आणि त्यांना वेडं ठरवायचा मला काय अधिकार. म्हणजे हे कारण माझ्यासाठी भक्कम आहे, तुमच्यासाठी असेलच असं नाही.

आता माझं खरं कारण. ते जरा लांबलचक आहे.

माझी आई राहुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती. तिला पित्ताशयाचा कॅन्सर झाला, कळला तेव्हा उशीर झाला होता, डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं. शेवटचे साडेतीन महिने ती घरीच होती, मी आधी पुण्याहून दर शुक्रवारी रात्री यायचो आणि मग बिनपगारी रजा टाकून येऊनच राहिलो. रोज संध्याकाळी मंडळीतले लोक यायचे. चांगली माणसं, डबे आणायची, रात्री जागायला बसायची, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण वाचायचे काय, तर बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी २३ नाहीतर ९१, दोन्ही दिलाशाची, आणि प्रार्थना अशी की विश्वास ठेवा बाई, प्रभू तुम्हाला बरं करणारच आहे. आई हात जोडून आमेन म्हणायची, आणि मला खूण करायची की यांना चहा टाक.

सगळे गेले की म्हणायची, "अठ्ठ्याऐंशी काढ."

पहिल्या रात्री मला वाटलं ती चुकून म्हणतेय. म्हणलं, अठ्ठ्याण्णव का? "अठ्ठ्याऐंशी. हेमानाचं." बारा वर्षं संडेस्कूलला गेलेला मी, तरुण संघाचा सेक्रेटरी होतो, आणि ते स्तोत्र एकदाही वाचलेलं नव्हतं! लाइट गेलेली. मोबाइलच्या बॅटरीवर तिचं ते काळ्या रेक्झिनचं बायबल धरलं, त्याचा कागद इतका पातळ की उजेड मागून पडला की पाठच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतात आणि दोन ओळी एकमेकीत मिसळतात. तिनं शिक्षकी सवयीनं पट्टी लावून लाल पेन्सिलीनं खुणा केलेल्या, त्या आधारानं वाचत गेलो.

तुम्ही ते वाचलेलं नसणार. १८ वचनं आहेत. हेमान नावाचा माणूस देवाला म्हणतो, मी रात्रंदिवस ओरडतोय, तूच मला खड्ड्यात टाकलंस, माझी माणसं तूच माझ्यापासून तोडलीस, मेल्यावर मी तुझी स्तुती करणार आहे का? बाकीची रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं शेवटाला बहुतेक वळतात, तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन असं काहीतरी येतं. हे वळत नाही. मूळ हिब्रूत या स्तोत्राचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे, आणि तिथं ते संपतं.

मला तिथं थांबवेना. आई समोर पडलेली, हाडं वर आलेली, आणि शेवटचा शब्द अंधार. म्हणून मी तसाच पुढं ८९ मध्ये घुसलो, त्याची सुरुवात आनंदाची आहे, परमेश्वराच्या दयेची गाणी मी कायम गाईन अशी. एक ओळ वाचली असेल नसेल, आईनं माझं मनगट धरलं. "पुढं नको. ते तिथंच संपतं." तिच्या हातात तेव्हा पाण्याचा तांब्या उचलायचीही ताकद नव्हती, पण ते बोटांचं दाबणं मला अजून जाणवतं.

एकवीस रात्री वाचलं मी ते. एकदा न राहवून विचारलं, आई, हे कशाला, याच्यानं तुला बरं वाटतं का? थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येणारा प्रत्येक जण मला शिकवतोय देवाशी कसं बोलायचं ते. हा एकटा माझ्यासारखं बोलतोय. आणि देवानं त्याला पुस्तकातून काढून टाकलं नाही रे."

बस. बायबल देवाकडून आहे असं मी मानतो त्याचं मूळ तिथं आहे. धर्माचं पुस्तक माणसांनी आपल्या सोयीनं तयार केलं असतं तर ८८ पहिल्या फेरीतच गाळलं गेलं असतं. आमच्या चर्चच्या पंचकमिटीनंच गाळलं असतं! दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश तक्रारीची आहेत, देवाच्या घरात देवासमोर म्हणायला दिलेली. हे कळल्यावर बाकीचं पुस्तकही मला वेगळं दिसायला लागलं. दावीद इस्राएलचा सगळ्यात लाडका राजा, पण २ शमुवेल ११ मध्ये त्यानं उरीयाची बायको कशी घेतली आणि उरीयाला लढाईत पुढं घालून कसं मारवलं ते जसंच्या तसं आहे. येशूचा शिष्य पेत्र मंडळीचा पुढारी, त्यानं कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं ते चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चारही पुस्तकांत, आहे. येशूची रिकामी कबर आधी बघितली ती बायांनी, आणि त्या काळी बायांच्या साक्षीला किंमत किती होती? गोष्ट रचायची असती तर त्या जागी कुणीतरी वजनदार पुरुष उभा केला असता. आणि येशू स्वतः क्रूसावर काय म्हणतो? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ते २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. म्हणजे मरताना त्यानंही तक्रारीचंच स्तोत्र काढलं, २३ वं नाही.

आता दादाचं सांगतो. तो तेव्हा चर्चच्या कमिटीत सेक्रेटरी होता. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती, मी म्हणलं मला ८८ वाचायचंय, आईचं आवडतं होतं. त्यानं नाही म्हणून सांगितलं. "आई विश्वासात गेलीय, लोकांपुढं असलं निराशेचं वाचायचं नाही, काय म्हणतील लोक." मी विचारलं, तुझ्या मते अख्खं बायबल अक्षरन्‌अक्षर देवानं सांगितलंय ना, लेखक म्हणजे नुसती लेखणी? म्हणाला हो. मग हे पण देवानंच सांगितलं असणार, वाचायला लाज कसली वाटते? तर त्यानं मला २ तीमथ्य ऐकवलं. त्यावर मी ते तुमचं वाक्य बोललो, आवाज चढवून. पाळकसाहेब चटईकडं बघत बसले. शेवटी २३ वाचलं गेलं.

दादाचा हिशोब मला आजही कळत नाही. देवानं हेमानाच्या तोंडून देवावरच आरोप करवले, शब्द शब्द सांगून? त्याला प्रेरणा कसं म्हणायचं? मला दिसतं ते असं, की माणूस स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या दुखण्यातून बोलला, आणि देवानं ते आपलं म्हणून घेतलं. लूकनंही आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की त्यानं सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध करून क्रमवार लिहिलं. शोध करणारा माणूस लेखणी कसा होईल?

आणि तुम्हाला कुणी हमखास सांगेल की चाळीस लेखक, पंधराशे वर्षं, तरी सगळं एकसूत्री. ते आकडे मोशेनंच पहिली पाच पुस्तकं लिहिली असं धरून काढलेले आहेत, तेवढं ध्यानात ठेवून ऐका. मेंढरं राखणारा आमोस आणि जकात घेणारा मत्तय एकाच पुस्तकात येतात याचं मलाही नवल वाटतंच.

आपल्याकडचंच बघा. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसानं नवा करार दिला. त्यांना कुणी हस्तलिखितांचं प्रदर्शन दाखवलं नव्हतं. ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले, मत्तय ५ ते ७, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं तरी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, कित्येक वर्षं खपून, १९२२ मध्ये वारल्या तोवर तेच काम चालू होतं. माझी पणजी दुष्काळात केडगावला आलेली पोर, तिथंच अक्षर शिकली. पणजीकडून आजी, आजीकडून आई शिकली. कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकानं सोळाव्या शतकात लिहिलंय की शास्त्र देवाचं आहे याची खात्री शेवटी पवित्र आत्म्याच्या आतल्या साक्षीनं पटते, युक्तिवादानं नाही. तुम्हाला ही पळवाट वाटेल. मी ती साक्ष माझ्या मनगटावर अनुभवलीय, त्यापुढं मला दुसरं काही सांगता येत नाही.

दोन गोष्टी राहिल्या, त्या आधी सांगायला हव्या होत्या. स्तोत्र १३७ च्या शेवटी शत्रूची तान्ही पोरं खडकावर आपटायची भाषा आहे, यहोशवाच्या पुस्तकात गावंच्या गावं कापलीत. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही, आणि जो म्हणतो 'माझ्याकडं आहे', त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसरं, कोणती पुस्तकं बायबलमध्ये यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही, आमची प्रोटेस्टंटांची ६६, कॅथलिकांची ७३. म्हणजे 'बायबल' म्हणताना कुठलं, हेही विचारून घ्या.

खरंच तपासायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा, १६ अध्याय, दीडेक तास लागतो. मग स्तोत्र ८८. आणि कुणी शेजारी बसून लगेच पुढचं पान उलटायला लागला तर उलटू देऊ नका.

दादा, तू हे वाचशील, वहिनी तुला दाखवेलच. दवाखान्याचा सगळा खर्च तू केलास, एक रुपया मला देऊ दिला नाहीस, ते मी विसरलेलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी आवाज चढवला ती माझी चूक होती. पण स्तोत्राबद्दल मी बरोबर होतो. पुढच्या महिन्यात आईची स्मरणप्रार्थना आहे. तू २३ वाच, मी ८८ वाचतो. तिचं बायबल माझ्याकडंच आहे, येताना घेऊन येतो.