जामीन राहू की नको?

प्रश्न : ताई, प्रभू येशूच्या नावाने सलाम. धाकट्या भावाला छपाईच्या धंद्यासाठी बँकेचं कर्ज हवंय आणि जामीन म्हणून माझी सही. आई म्हणते, तू थोरला आहेस. बायको म्हणते, त्याचं आधीचंच देणं अजून फिटलेलं नाही. मी रोज पहाटे देवाकडे ज्ञान मागतो आणि डोळे मिटून पवित्र शास्त्र (बायबल) उघडतो. एकदा प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं ‘एकमेकांची ओझी वाहा’ निघालं. दोनच दिवसांनी नीतिसूत्रांचा सहावा अध्याय निघाला : जामीन झाला असशील तर झोपसुद्धा न घेता सुटका करून घे! याकोब आपल्या पत्रात सांगतो, देवाकडे ज्ञान मागायचं तर शंका न धरता मागा. मला तर शंकाच शंका. मग माझी प्रार्थना ऐकली जाईल का?
– एक थोरला भाऊ

उत्तर : भाऊ, आधी डोळे उघडून वाचा. कौल लावल्यासारखं शास्त्र उघडलं की असंच होणार. गलतीकरांच्या त्याच सहाव्या अध्यायात, तीनच वचनं खाली, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असंही पौल लिहितो. तुमचं बोट तिथे पडलं असतं तर?

प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, बारावा प्रेषित म्हणून मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे खरं. पण पवित्र आत्मा आल्यानंतर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तसं पुन्हा कुठे दिसत नाही. त्याच्या पंधराव्या अध्यायात यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, यावर एवढा मोठा वाद झाला, तेव्हा सगळे एकत्र बसले, भांडले, पेत्राचं ऐकलं, पौल-बर्णबाचं ऐकलं आणि मग ठरवलं. पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं, असं त्यांनी पत्रात लिहिलं ते एवढी चर्चा झाल्यावर.

शंकेचं म्हणाल, तर याकोब तुमच्या भावाच्या धंद्याबद्दल बोलतच नाही. देव देईल की नाही, असं मनात धरून मागू नका, एवढंच त्याचं म्हणणं. धंदा चालेल का, ही शंका तर यायलाच हवी. आणि त्याच्याच आधीच्या वचनात आहे की देव ‘कोणास दोष न लावता’ देतो. ‘एवढंही कळत नाही का?’ असं तो तुम्हाला म्हणणार नाही. ते म्हणायला नातेवाईक आहेत.

आता जामिनाबद्दल. नीतिसूत्रं याबाबतीत फार रोखठोक आहेत. बाविसाव्या अध्यायात विचारलंय की फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण का जाऊ द्यावं? पण उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापापुढे जामीन राहतो, आणि वेळ आली तेव्हा त्याच्याऐवजी गुलाम व्हायला स्वतः पुढे होतो. पौलही अनेसिम या फिलेमोनाच्या दासाचं देणं माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं फिलेमोनाला स्वतःच्या हाताने लिहून देतो. दोघांनाही आपण काय देऊ करतोय ते ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे? भावाने हप्ते थकवले तर बँक तुमच्या दारात येईल, आणि ती सगळी रक्कम मागू शकते.

माझे सासरे पाळक होते. पैशाचा प्रश्न असला की प्रार्थनेला बसताना शास्त्राशेजारी बँकेचं पासबुक उघडून ठेवायचे. मंडळीतल्या काहींना ते खटकायचं. सासरे म्हणायचे, देवाला आकडे माहीत आहेत, मीच विसरतो.

तुम्हीही कागद मांडा. भावाकडून आधीच्या धंद्याचा हिशेब मागा. तो द्यायला कुरकुर करत असेल तर तेही उत्तरच समजा. बायकोला शेजारी बसवा. तिचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात ठोस माहिती त्याच ओळीत आहे. बुरूज बांधायच्या आधी खर्चाचा अंदाज घ्या, असं खुद्द प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलंय.

माझं मत विचाराल तर सही करू नका. परत आली नाही तरी घरात भांडण होणार नाही, एवढी रक्कम असेल ती त्याला सरळ हातात द्या, उसनी म्हणूनही नको. ओझं वाहायची ही एक पद्धत आहेच. मात्र आईला हे तुम्ही स्वतः सांगा, आणि भावाशी बोलायच्या आधी. त्याच्या तोंडून तिच्यापर्यंत गेलं, तर तुम्ही दिलेले पैसे गोष्टीतून गळतील आणि नकार तेवढा पोचेल.