भारी वाटत होतं, कसाऱ्यापर्यंत

“मॅडम, मुद्दाम नेलं हो दाखवायला. वाटलं, पोर पेटून उठेल. ती तर उलट विझूनच आली.”

मी समुपदेशक. समोरच्या पालकानं ‘मुद्दाम’ म्हटलं की पुढचं वाक्य मला आता पाठ आहे. खेळ तेवढा बदलतो. कधी बुद्धिबळ, कधी क्रिकेट, एकदा तर कथ्थक होतं. नाशकात मात्र बहुतेक वेळा धावणं. सावरपाड्याच्या कविता राऊतनं इथल्या आईबापांना एक स्वप्न दिलं आणि त्यांनी त्याची काठी केली. “ती बघ, कुठून कुठं गेली!” हे ऐकत मोठी झालेली कितीतरी मुलं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेली आहेत.

त्यातलीच ही एक, नववीतली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पंचवटीतल्या एका मैदानावर तीन हजार मीटरचा सराव करायची. जानेवारीत सरांनी गटातल्या मुलांना मुंबई मॅरेथॉनचे अव्वल धावपटू दाखवायला नेलं. आदल्या दिवशी बसनं दादर, रात्री एका हॉलमध्ये सतरंज्या आणि पहाटे पेडर रोडच्या चढावर जागा धरून सगळे उभे. वडील अंबडला कारखान्यात. मदतीला म्हणून तेही सोबत होते. परत आल्यापासून मुलगी पहाटे उठेना. पाय दुखतो म्हणायची. हाडांच्या डॉक्टरांनी पाय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे पाठवलं.

तिनं वही आणली होती. मुंबईच्या शर्यतीत २०१३ साली केनियाच्या व्हॅलेन्टाइन किपकेतरनं २ तास २४ मिनिटं ३३ सेकंद वेळ दिली होती. त्याचे या मुलीनं चारशे मीटरच्या ट्रॅकवर फेरे पाडले होते : १०५ आणि वर थोडं, प्रत्येक फेरा ८२ सेकंदांत. खाली स्वतःचं : साडेसात फेरे, प्रत्येकी ९२. त्याखाली रेघ आणि एक वाक्य, ‘मला जमणारच नाही.’

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, यावर माझा भरवसा आहे, आणि मराठीत तो अर्थ पुष्कळदा एका ‘च’मध्ये दडून बसतो. ‘मॅडम च शोधतात’ अशी माझी चेष्टाही होते. मी वही तिच्याकडे सरकवली. “यातलं एक अक्षर खोड.” तिनं बरोबर तेच खोडलं, वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “आता तर अजून खरं वाटतंय.”

माझं हुकमी अक्षर वाया गेलं होतं. पुढच्या दोन भेटीही अशाच गेल्या.

चौथ्या भेटीत मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, “मी कधी जवळून पाहिलेलं नाही. कसे दिसतात गं ते?”

“आधी आवाज येतो,” ती म्हणाली. “बुटांचा. टपटप नाही, सर्रकन. आणि चढ असून कुणी खाली बघत नव्हतं. मुठी तर अशा...” तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटं अर्धवट मिटलेली, अंगठा नुसता टेकलेला. “पापड धरल्यासारख्या. चुरा नाही होऊ द्यायचा. सर रोज ओरडतात, मुठी सैल, मुठी सैल. मला त्या दिवशी कळलं.”

खुर्चीत बसल्या बसल्या तिचे खांदे हलायला लागले होते. महिन्याभरात पहिल्यांदा.

“तेव्हा कसं वाटत होतं?”

“भारी! सोमवारी पहाटे करून बघायचं ठरवलं होतं.”

“मग ते भारी वाटणं गेलं कुठे?” ‘कुठे’ मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं.

“कसाऱ्याला.”

मी पेन खाली ठेवलं. घाटात ट्रकांच्या मागे बस अडकली होती. पुढच्या सीटवरून वडील मागे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बघितलंस ना? आता सांग, तू कधी?” कुणी हसलं नाही. इगतपुरी येईपर्यंत वहीतलं गणित मांडून झालं होतं.

इतके दिवस मी तिचं गणित दुरुस्त करत बसले होते. ते वडिलांच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं. कसाऱ्यापर्यंत ती बघत होती, तिथून पुढे मोजायला लागली. टेप तिच्या हातात आपणच दिली होती. हे मला त्या एका शब्दानं शिकवलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला आधी परतीच्या प्रवासाबद्दल विचारते. निम्म्या वेळा तरी गाठ तिथेच सापडते.

वडिलांना बोलावलं. “मी काय वाईट बोललो? प्रोत्साहनच दिलं ना!” खरंच होतं त्यांचं. मी विचारलं, “तुम्हाला तिथं काय दिसलं?” बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी व्हिडिओ काढत होतो.”

पालकांनो, मुलांना मोठे खेळाडू जरूर दाखवा, पण पाहिलेलं मुरू द्या. लोणचं घातल्या दिवशी कुणी पानात वाढत नाही. विचारायचंच तर ‘काय दिसलं?’ विचारा, ‘तू कधी?’ नको. ‘तूही करशील गं’ हेसुद्धा नको, त्याचंही ओझं होतं. मूल तुलना करणार. ८२ खरे आहेत आणि ९२ही खरे आहेत, त्यांना खोटं पाडू नका. गेल्या वर्षी ९२च्या जागी किती होते, तेवढं त्यालाच आठवू द्या. आणि कविताचं उदाहरण देताय तर पुरतं द्या. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला तिला रौप्य मिळालं, पंचवीस फेऱ्यांनंतर प्रीजा श्रीधरनच्या मागे एक सेकंदही नाही. तीसुद्धा कुणाच्या तरी मागेच होती.

सरांनाही एक सांगते. पहिले दहा गेले की मुलांना बसमध्ये कोंबू नका. २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटर स्कीइंगच्या शर्यतीत मेक्सिकोचा हेर्मान माद्रासो ११६वा, म्हणजे सगळ्यांत शेवटी आला. चाळिशीनंतर स्की शिकलेला माणूस, विजेत्यापेक्षा जवळपास २६ मिनिटं मागे, हातात देशाचा झेंडा. टोंगाचा पिटा टाउफाटोफुआ आणि आणखी काही स्पर्धक त्याच्यासाठी रेषेजवळ थांबून होते. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. आपला जगदीश सिंगही त्याच शर्यतीत होता, १०३वा. अंतिम रेषेपाशी उशिरापर्यंत उभं राहिलं की असलंही काही दिसतं.

मुलगी पुन्हा मैदानावर जाते. तिचा फेरा आता किती सेकंदांचा आहे, ते मी विचारलेलं नाही. शेवटच्या भेटीत म्हणाली, पुढच्या जानेवारीतही सर नेणार आहेत आणि बाबांनाही यायचंय.

“मग?”

“येऊ देत. पण येताना इगतपुरीपर्यंत त्यांनी गप्पच बसायचं.”

तो ‘च’ मी खोडायला सांगितला नाही.