ज्यू लग्नात वधू वराभोवती सात फेऱ्या घालते, म्हणजे ती सप्तपदीच का? कबालात, म्हणजे ज्यू गूढविद्येत, या लग्नाचा नेमका अर्थ काय?

नाही, ती सप्तपदी नाही. ‘बघा, ज्यूंचीही सप्तपदी’ असा मेसेज लग्नसराईत फिरत असतो. प्रश्न त्यावरून पडला असेल तर आधी आपल्याच घरचा घोळ निस्तरू. सप्तपदीत फेऱ्या नसतातच. तांदळाच्या सात राशी मांडतात आणि ‘इष एकपदी भव’पासून एकेका मंत्रावर वर वधूला एकेक पाऊल पुढे नेतो. अग्नीची प्रदक्षिणा हा वेगळा विधी. हिंदी सिनेमाने दोन्हींची खिचडी केली. ज्यू लग्नात वर हुप्पाच्या, म्हणजे चार खांबांवरच्या मांडवाच्या खाली उभा राहतो तो जागचा हलत नाही. फेऱ्या वधू घालते, बहुधा तिची आई आणि सासू हातात मेणबत्त्या घेऊन सोबत चालतात. अग्नी मध्ये नाही, वर मध्ये आहे. सात हा आकडा सोडला तर साम्य काय उरलं?

शिवाय ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची चाल. तिथेही काही ठिकाणी तीनच फेऱ्या असतात. ‘मी तुला माझी वाग्दत्ता करीन’ हे बायबलमधल्या होशेयाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तीनदा येतं, त्याला धरून. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या लग्नात बघण्यासारखं काही असेल तर ते वेगळंच आहे: वधू सिनेगॉगमध्ये येत असताना वर ‘योनाती झिव’ हे हिब्रू गाणं म्हणत तिचं स्वागत करतो. आधी मेंदी होते, एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने मलिदाही होतो. ज्यूंविषयी बोलताना मराठी माणसाने आधी अलिबाग-रेवदंड्याकडे बघावं, हे माझं जुनंच तुणतुणं आहे.

आता फेऱ्यांचा अर्थ. कबालानुसार देव ज्या दहा शक्तींतून प्रकट होतो, त्या सफिरोत (एकवचन सफिरा). खालच्या सात: हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्साख, होद, येसोद, मालखुत. वर हा तिफेरेतच्या जागी, वधू मालखुतच्या, म्हणजे शखिनाच्या (जगातल्या देवाच्या सान्निध्याच्या) जागी. एक फेरी एका सफिराची, इतकं कोणतंही माहितीपत्रक सांगतं. खरी गोम पुढे आहे. मालखुत ही घेणारी सफिरा, तिला स्वतःचा प्रकाश नाही. मग घेणारीने देणाऱ्याला वेढा का घालावा? कबालात प्रकाश दोन प्रकारचा: पात्रात मावतो तो आतला, ‘ओर पनीमी’, आणि मावत नाही म्हणून पात्राभोवती राहतो तो ‘ओर माकीफ’. वेढणारा हा आतल्यापेक्षा वरच्या पायरीचा. म्हणजे फेऱ्या घालणारी वधू त्या क्षणी वराच्या वर आहे. बायबलमधल्या यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातलं ‘स्त्री पुरुषाला वेढील’ हे वाक्य या चालीचा आधार म्हणून देतात, आणि ते वाक्य येणाऱ्या काळाबद्दल आहे. हबाद या हसिदी पंथाच्या परंपरेत तर हे खूप रंगवून सांगितलं आहे: आज मालखुत खाली आहे, शेवटी ती मुकुट होईल, ‘सद्गुणी स्त्री पतीचा मुकुट’ या नीतिसूत्रातल्या ओळीसारखी. फेऱ्या संपल्या की वधू वराच्या उजव्या हाताला उभी राहते, स्तोत्र ४५ मधल्या राणीप्रमाणे. फेऱ्यांकडे ‘बायकोने नवऱ्याभोवती घुटमळायचं’ अशा नजरेने बघणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो: ‘कबाला म्हणजे ज्यूंचं शिव-शक्ती तत्त्व’. तुलना करायचीच तर नीट करा. आदाम मुळात दोन तोंडांचा, स्त्री-पुरुष पाठीला पाठ जोडलेले, असं मिद्राश, म्हणजे बायबलवरचं जुनं कथारूप भाष्य, सांगतं. इथपर्यंत अर्धनारीश्वर आठवणं साहजिक आहे. पण गॅलिलीतल्या त्सफात गावच्या इसहाक लुरिया या कबालिस्टाने (१५३४–१५७२) या कथेवर जी मांडणी उभी केली, ती उलट्या दिशेने जाते. अर्धनारीश्वरात जोडलेलं शरीर हीच पूर्णता. लुरियाकडे ती कच्ची अवस्था आहे, कारण पाठीला पाठ असेल तर कोणी कोणाला पाहत नाही. म्हणून आदामवर गाढ झोप येते, करवतीने कापावं तसे दोघे वेगळे केले जातात (याला ‘नसीरा’ म्हणतात), स्त्रीची बाजू स्वतंत्र घडवली जाते आणि मगच दोघे समोरासमोर येतात. लग्न हे कापल्यानंतरचं भेटणं आहे. वेगळं झाल्याशिवाय मीलन नाही.

आणि हे नुसतं प्रतीक नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेल्या झोहर या कबालाच्या मुख्य ग्रंथात अविवाहित माणसाला ‘पलग गुफा’, अर्धं शरीर, म्हटलं आहे. आत्मा वरून निघताना नर-मादी एकत्र असतो, खाली येताना दुभंगतो, आणि जोड्या पुन्हा लावणं हे देवाचं काम. खाली जोडपं योग्य तऱ्हेने एकत्र आलं की वर तिफेरेत आणि मालखुत एकत्र येतात, हा कबालिस्टांचा शब्दशः दावा आहे. म्हणूनच विद्वानांना समागमासाठी सांगितलेली शुक्रवारची रात्र, म्हणजे शब्बाथची (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची), इतकी महत्त्वाची. त्सफातमध्येच श्लोमो अल्कबेत्सने लिहिलेलं ‘लखा दोदी’ हे गीत त्या संध्याकाळी शब्बाथला वधू म्हणूनच सामोरं जातं. ‘अध्यात्म म्हणजे संसार सोडणं’ हे गृहीत धरून वाचलंत तर यातलं काहीच उमगणार नाही. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जेरुसलेमच्या मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात जाणारा महायाजक विवाहित असावाच लागे. ऐनवेळी बायको गेली तर काय, म्हणून दुसरी तयार ठेवावी असं मत मिश्ना या जुन्या ज्यू कायदेसंग्रहात नोंदलेलं आहे! आपल्याकडच्या एखाद्या मठाधिपतीला ही अट घालून बघा.

आता ज्यावर माझी नेहमी हुज्जत होते तो मुद्दा. गूढार्थ हा कायद्याच्या पायावर उभा आहे. पाया चुकला तर वरची सगळी ध्यानधारणा फुकट. अंगठी वराच्या मालकीची हवी. मित्राची उसनी घेतली तर चालत नाही, त्याने आधी ती खरोखर देऊन टाकायला हवी. ती खड्याविना, साधी धातूची, कारण खड्याची किंमत वधूला चुकीची वाटू शकते आणि मग तिची संमतीच संशयात येते. दोन साक्षीदार नात्यातले नकोत; हौसेने काकाला उभं केलं की गडबड झालीच. अंगठी उजव्या हाताच्या तर्जनीत घालताना वर जे वाक्य म्हणतो (‘मोशे आणि इस्राएलच्या धर्मानुसार या अंगठीने तू मला वाहिलेली आहेस’), त्याची हिब्रू अक्षरं ३२ भरतात. ३२ म्हणजे ‘लेव’, हृदय, आणि सेफेर येत्सिरा या जुन्या गूढग्रंथातल्या ३२ वाटाही. मात्र ‘मकुदेशेत’ (वाहिलेली) या शब्दातलं वाव हे अक्षर गाळून लिहिलं तर ३१ होतात, म्हणून आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका.

नंतर कतुबा, म्हणजे लग्नाचा करार, वाचतात आणि वाइनच्या दुसऱ्या प्याल्यावर सात आशीर्वाद होतात. त्यासाठी दहा पुरुष लागतात. सहावा संपतो ‘वराला आणि वधूला आनंदवणारा’ असा, सातवा ‘वराला वधूसह आनंदवणारा’ असा. आधी दोघे शेजारी, मग एकमेकांत. लग्नाला गेलात तर हा बदल कान देऊन ऐका, एका शब्दाचाच फरक आहे.

ग्लास फोडण्याबद्दल थोडक्यात. तो ‘शुभशकुन’ नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली गोष्ट: स्वतःच्या मुलाच्या लग्नात पाहुणे फार उधळले तेव्हा रवीना या विद्वानाच्या मुलाने ४०० झूझ (त्या काळची चांदीची नाणी) किमतीचा प्याला फोडून त्यांना भानावर आणलं. पुढे जेरुसलेमच्या विध्वंसाची आठवण त्याला जोडली गेली. लुरियाच्या अनुयायांना त्यात सृष्टीच्या आरंभी फुटलेली पात्रं आणि त्यांतून विखुरलेल्या २८८ ठिणग्या दिसतात. काच पायात जाऊ नये म्हणून ग्लास कापडात गुंडाळतात. आवाज चांगला येतो म्हणून काही जण बल्ब फोडतात, ते मला मुळीच आवडत नाही.

हे सगळे ज्यू मानत नाहीत, हे सांगायला हवं. येमेनमधल्या यिह्या काफिहच्या (१८५०–१९३१) अनुयायांनी झोहरच नाकारला. उदारमतवादी सिनेगॉगांत हल्ली तीन फेऱ्या वधू, तीन वर आणि सातवी दोघे मिळून घालतात. पुरुष देणारा, स्त्री घेणारी ही मांडणी आजच्या बाईला टोचली तर तिचं चुकत नाही. फेऱ्यांचा जो अर्थ मी वर दिला तो त्यावरचा उतारा म्हणून पुरेसा आहे की नाही, यावर ज्यू स्त्री-अभ्यासकांतही एकमत नाही.

तो मेसेज पाठवणाऱ्याला एवढंच विचारा की सप्तपदीत वर उभा कुठे असतो.