सोलापूरच्या उन्हाळ्यात दर वर्षी मन बसतं, गोळ्यांशिवाय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की होळी झाली की मन बसायला लागतं, झोप उडते, जेवण जात नाही, घरच्यांवर खेकसणं वाढतं आणि दोन-चार पाऊस झाले की आपोआप बरं वाटतं. गोळ्या नको आहेत. नेटवर सगळीकडे 'सकाळी उन्हात बसा' लिहिलंय. शेवटी पुण्याला बदली मागू का, असंही विचारलंय. मी जुळे सोलापुरात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. डॉक्टर नाही, पण हे दुखणं माझ्याही ओळखीचं आहे.

आधी त्या उन्हाचं बघू. ऋतूप्रमाणे येणारं नैराश्य डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली अमेरिकेत मांडलं, ते हिवाळ्यातलं. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. असल्या ठिकाणी माणूस खूप झोपतो, सारखं गोड खातो, वजन वाढतं. त्याला रोज सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) झगझगीत दिव्यापुढे बसवतात. आपला सगळ्यात लहान दिवसही 11 तासांचा. उजेडाची टंचाई सोलापूरला कधी नव्हती, टंचाई पाण्याची! पण याच मंडळींनी 1987 मध्ये उलटा प्रकारही नोंदवला: उन्हाळ्यात येणारा, झोप कमी, भूक कमी, जिवाची घालमेल जास्त. त्यावर संशोधन फार झालेलं नाही. तुमची लक्षणं मात्र त्यातली दिसतात, म्हणून हिवाळ्याचे उपाय उचलून आणू नका.

माझ्या मते इथे पहिलं काम झोपेचं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि आपला स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री खोलीत ओकत असतो. अकरा वाजता गच्चीवर बरा वारा असतो आणि खाली भिंतीला हात लावावा तर ती गरमच. वरच्या मजल्यावर झोपत असाल तर उन्हाळ्यापुरतं अंथरूण खालच्या मजल्यावर किंवा गच्चीवर न्या. गच्चीला मार्चच्या आत चुना मारून घ्या. आमच्याकडे चुन्यात फेविकॉल कालवून मारतात, फरक हाताला कळतो. (स्लॅबवर पाणी मारा म्हणणारे भेटतील. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे कोण मारणार?) कूलर आपल्या कोरड्या हवेत झकास चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. लोक दारं-खिडक्या लावून कूलर लावतात आणि मग घामाने चिकचिकतात. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा, गार नको. कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. रात्री कितीही तळमळलात तरी उठायची वेळ तीच ठेवा.

दुसरं, माणसांत राहणं. एप्रिल-मेच्या दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही, आपणही घरात कोंडून घेतो आणि संध्याकाळी 'कुठं जायचं आता' म्हणत तिथेच बसतो. मन झाल्यावर जाऊ म्हटलं तर मन होतच नाही. आधी जायचं ठरवायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यात अडकवायचं. माझा चुलतभाऊ सकाळी सहाच्या आत खाली येऊन हॉर्न वाजवतो. मी नाही उतरलो तर वर येऊन आमच्या हिला चहा टाकायला सांगतो, आणि चहा होईपर्यंत माझ्या उशाशी बसून मालकाच्या तक्रारी सांगतो. त्यापेक्षा उतरलेलं बरं वाटतं. संभाजी तलावाला चक्कर मारून उन्हाच्या आत घरी. कोवळा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळही जागेवर येतं.

जेवणाची जबरदस्ती करू नका, पण उपाशीही राहू नका. ज्वारीची आंबील, ताक, थोडी भाकरी थोड्या थोड्या वेळाने. उकाड्यावर उतारा म्हणून बिअर तेवढी टाळा, तिने पहाटे जाग येते.

गोळ्या नको म्हणजे डॉक्टर नको, असं करू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं की गोळीच हातात पडते असंही नाही. विचार आणि दिनक्रम बदलायला शिकवणारी उपचारपद्धती आहे, सीबीटी म्हणतात तिला. हिवाळ्याच्या नैराश्यात तिचा उपयोग दिव्याच्या तोडीचा ठरलाय आणि पुढच्या हिवाळ्यांतही टिकलाय. उन्हाळ्यात कधी उलटं होऊन झोप नसतानाही अंगात अचाट उत्साह, बडबड, खर्च असं झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो प्रकार वेगळा असतो. आधीच गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. दोन आठवडे कामच होईना किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीत बोलता येतं.

आता पुण्याचं. यंदाचा उन्हाळा झोपायची जागा बदलून काढा. कालनिर्णयवर रोज किती तास झोप झाली आणि त्या दिवशी चिडचिड किती, एवढंच लिहा. झोप सुधारूनही मन तसंच बसलं, तर बदलीचा अर्ज टाका. तेव्हा तो कागद डॉक्टरांनाही दाखवता येईल.