कणांच्या एवढ्या गरम टकरीत ड्यूटेरॉनसारखं (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) नाजूक केंद्रक टिकतं कसं?

टिकत नाही, कारण त्या गरमीत ते नसतंच, नंतर तयार होतं. एलएचसी या मोठ्या कणवेगवर्धकावर टकरीतून कण बाहेर पडतात तेव्हाचं तापमान ऊर्जेत मोजलं तर साधारण 156 एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचं ऊर्जेचं एकक), आणि ड्यूटेरॉन फोडायला 2.2 पुरतात, म्हणजे सत्तरपट फरक. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून जरा लांबण लागेल.

कणांचा डिटेक्टरमधला ऊर्जाऱ्हास आणि संवेग यांचा आलेख घेऊन मी तासन्‌तास बसायचे. प्रोटॉनचा जाड पट्टा, त्याच्या उजवीकडे ड्यूटेरॉनचा बारीक, विरळ ठिपक्यांचा. विरळ कारण प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत केंद्रकात एक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) वाढला की संख्या साधारण हजारपट घटते. सेमिनारमध्ये मी म्हटलं की शेवटी शेवटी जवळपास एकाच वेगाने निघालेले प्रोटॉन-न्यूट्रॉन चिकटून हे होतात, तर सरांनी तिथंच थांबवलं. "थर्मल मॉडेलमध्ये आकडे बसतात ना, मग थेट गरम गोळ्यातूनच निघतात, विषय संपला." मी म्हटलं सर, त्या मॉडेलमध्ये वस्तुमान आणि तापमान घातलं की कण किती निघतील तो आकडा येतो, बंधनऊर्जेला (केंद्रक फोडायला लागणाऱ्या ऊर्जेला) तिथं विचारतंय कोण? सरांनी पुढची स्लाइड लावूच दिली नाही.

2025 मध्ये एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगवाल्यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं. 13 टीईव्हीच्या (1 टीईव्ही म्हणजे दहा लाख एमईव्ही) प्रोटॉन टकरींत पायॉन (प्रोटॉनपेक्षा हलका कण) आणि ड्यूटेरॉन यांचे संवेग एकमेकांशी ताडून पाहिले, तर आलेखात डेल्टा या अल्पायुषी कणाचा उंचवटा दिसला! डेल्टा क्षणात फुटून पायॉन आणि न्यूक्लिऑन होतो, तो न्यूक्लिऑन पुढे ड्यूटेरॉनमध्ये गेला तरी सोबतच्या पायॉनच्या संवेगात खूण राहते. ड्यूटेरॉन आधीच तयार होऊन बाहेर पडला असता तर ही खूण कुठून आली असती? बहुतांश ड्यूटेरॉन आणि प्रतिड्यूटेरॉन (ड्यूटेरॉनचं प्रतिद्रव्यातलं रूप) असे रेझोनन्स, म्हणजे डेल्टासारखे क्षणभंगुर कण, फुटल्यावरच बनतात. शिवाय नुसते दोघं चिकटू शकत नाहीत, ऊर्जा-संवेगाचा हिशोब जुळायला तिसरा लागतो आणि ते काम पायॉन करतो.

हां, शिशाच्या केंद्रकांच्या टकरींत थर्मल मॉडेलचे आकडे खरंच छान बसतात, ते मी नाकारत नाही. पण आकडा बसला म्हणजे जन्म कसा झाला ते कळलं असं होत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. तुम्हाला कुणी असं गप्प बसवलं तर तो उंचवटा समोर ठेवा. आणि यावर प्रोजेक्ट करत असाल तर आधी प्रतिड्यूटेरॉन मोजा, साधे ड्यूटेरॉन बीम पाइपच्या धातूतूनही उडून येतात आणि मोजणी बिघडवतात.