वाचकांचे प्रश्न: दिवसभर बसतो, तरी काम उरतंच

या वेळी आलेल्या पत्रांत आळसाची तक्रार एकाचीही नाही. सगळे राबतायत आणि तरी संध्याकाळी टेबल भरलेलंच राहतं. पत्रं बारकाईने वाचली तर कारण बहुतेक ठिकाणी एकच दिसतं: काम करण्यापेक्षा तुटलेलं काम पुन्हा जुळवण्यात वेळ जास्त जातो. उत्तरांत भर तिथेच दिला आहे.

म्हापशात एका कर सल्लागारांकडे काम करते. चाळीसेक दुकानदारांची जीएसटी रिटर्न्स माझ्याकडे आहेत. बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, फोन दिवसभर चालूच. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं थेट ऑफिसात येऊन बसतात. ११ आणि २० तारखेच्या आधी घरी जायला रात्रीचे नऊ वाजतात. काय करू?

तुमच्या कामाला तारखा ठरलेल्या आहेत. आधी त्यांचाच फायदा घेऊ. मासिक जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) मुदत ११ तारीख, ३बी ची (कर भरण्याचं रिटर्न) २०. या दोन्हींच्या मध्ये, १४ तारखेला, पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या तुमच्या गिऱ्हाइकांच्या खरेदीची यादी, तयार होतं, ते मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतं. खरेदीच्या बिलांचा मेळ त्याच्याशीच घालायचा असल्याने १४ च्या आधी खरेदी जुळवत बसलात तर तेच काम दोनदा होतं. म्हणून महिन्याची पहिली पाच दिवसांची फेरी फक्त विक्रीची बिलं गोळा करण्यासाठी, ६ ते ९ नोंदणी, १० ला जीएसटीआर-१ भरून मोकळं. मग १४ ला सगळ्यांची २बी एकाच बैठकीत उतरवून घ्या, १५ ते १७ मेळ घाला आणि ३बी १८ लाच भरा. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल मंदावतं आणि एकेका चलनामागे अर्धा तास जातो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (शून्य रिटर्नला २०), शिवाय राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. हे आकडे गिऱ्हाइकांना एकदा लेखी कळवा. बिलं ५ तारखेच्या आत येऊ लागण्याची शक्यता वाढते.

दुसरं, चाळिसांपैकी कितीजण तिमाही योजनेत बसतात ते पाहा. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना ती घेता येते. वर्षाची २४ रिटर्न्स ८ वर येतात. जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला आणि गोव्यासाठी ३बी २२ तारखेला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. ज्यांचा माल दुसरे नोंदणीकृत व्यापारी घेतात, त्यांच्या खरेदीदारांना दर महिन्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, हवं असतं. त्यांची तेवढी बिलं पोर्टलवरच्या आयएफएफ या ऐच्छिक सोयीत पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात. योजना निवडण्याची खिडकी आधीच उघडते: जुलै ते सप्टेंबरसाठी १ मे ते ३१ जुलै. ही तारीख चुकली तर पुढच्या तिमाहीची वाट पाहावी लागते, तेव्हा ती आजच डायरीत लिहा.

आता फोन. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मन पहिल्यातच रेंगाळतं आणि दुसरंही नीट होत नाही, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत यावरचा एक साधा उपायही तपासला. उठण्याआधी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचं, हे थोडक्यात लिहून ठेवायचं. तुमच्या टेबलावर ती चिठ्ठी अशी दिसेल: «बिल ११४ पर्यंत नोंद झाली. ९७ चा जीएसटीआयएन जुळत नाही, विचारायचं. पुढे एचएसएन तपासणी.» (जीएसटीआयएन म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक, एचएसएन म्हणजे मालाचा कोड.) पंधरा सेकंदांचं काम, पण ही चिठ्ठी नसेल तर परतल्यावर ११४ नंबरचं बिल शोधण्यापासून सुरुवात होते. फोन वाजला तरी उचलण्याआधी निदान बिलाचा नंबर लिहा.

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा फोन सहकाऱ्याकडे द्या. एकट्या असाल तर आवाज बंद ठेवून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आपोआप जाणारा निरोप लावा: «निरोप मिळाला, साडेअकरानंतर फोन करते.» माणसाला वेळ कळली की पुन्हा पुन्हा फोन येणं कमी होतं. त्याच अ‍ॅपमध्ये लेबलं असतात. «बिलं अपुरी», «नोंद बाकी», «भरलं» ही तीन पुरेत. जास्त केलीत की ती सांभाळणं हेच काम होऊन बसतं. बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दाबले जातात आणि बारीक अक्षरं फुटतात. ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. अस्पष्ट बिलापायी होणारे निम्मे फोन तिथेच थांबतील.

शुक्रवार तसाच राहू द्या. बाजाराला आलेलं माणूस भेटायचंच, म्हणून त्या दिवशी मेळ घालण्याचं काम ठेवू नका. सह्या, कागद घेणं, राहिलेली बिलं मागणं, फी वसुली ही सगळी कामं शुक्रवारची.

सत्तरी तालुक्यात राहतो, घरून काम करतो, बंगळूरच्या कंपनीसाठी डेटा तपासणी. पावसात दिवसातून पाच-सहा वेळा वीज जाते. दोन-दोन मिनिटंच जाते, पण प्रत्येक वेळी नेट परत येईपर्यंत आणि मी पुन्हा कामात शिरेपर्यंत वेळ जातो. इन्व्हर्टर आहे, तरी हे होतंच.

इन्व्हर्टर असूनही नेट तुटतं, याचं कारण बहुधा अदलाबदलीच्या त्या क्षणात आहे. साध्या मोडमध्ये मुख्य विजेवरून बॅटरीवर यायला इन्व्हर्टर किंचित वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि फायबरची जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटं लागतात. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं. त्यात ही अदलाबदल इतकी झटपट होते की राउटर टिकतो. अडचण एकच: या मोडमध्ये इन्व्हर्टर विजेच्या दाबाबाबत चोखंदळ होतो. गावात दाब कमी-जास्त होत असेल तर वीज असतानाही तो सारखा बॅटरीवर जाईल, आणि खऱ्या गरजेच्या वेळी बॅटरी अर्धीच भरलेली असेल.

तसं होत असेल तर इन्व्हर्टर साध्या मोडवरच ठेवा आणि राउटरसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बऱ्याच फायबर राउटरांना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९ किंवा ५. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. ५ व्होल्टच्या उपकरणाला १२ दिलेत तर ते जळेल. अँपिअर मात्र लेबलपेक्षा जास्त असलेले चालतात. आणखी एक चूक नेहमी होते. फायबरची वायर ज्यात येते ती पेटी आणि वाय-फाय राउटर वेगवेगळे असतील तर लोक फक्त राउटरला यूपीएस लावतात. वाय-फायच्या दांड्या भरलेल्या दिसतात, नेट मात्र नसतं. दोन्हींना पुरवठा हवा.

बॅटरी किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचं पथ्य धरून चांगल्या बॅटरीकडून ११०० ते १२०० मोजा. लॅपटॉप ६० वॉट, राउटर आणि पेटी मिळून २०, एलईडी दिवा १०, जुना पंखा ७५: एकूण १६५, म्हणजे साधारण सात तास. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) केलात तर त्याचे ३० वॉट होतात आणि तेच गणित नऊ तासांच्या पुढे जातं. पावसाळ्याआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायला विसरू नका. पाणी उतरलेली बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही.

मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा, मात्र वीज बराच वेळ गेली तर टॉवरचीही बॅटरी संपते. म्हणून नेट नसताना करता येतील अशा कामांची वेगळी यादी कागदावर हवी, संगणकात नको. गुगल शीट वापरत असाल तर ड्राइव्हच्या सेटिंगमधला ऑफलाइनचा पर्याय नेट असतानाच चालू करावा लागतो, आणि हव्या त्या फाइलीवर «ऑफलाइन उपलब्ध» लावावं लागतं. वीज गेल्यावर हे करता येत नाही. गडगडाट जवळ आला की बटण बंद करून भागत नाही, अडॅप्टर सॉकेटमधून उपटून ठेवा.

मडगावहून रोज पणजीला ऑफिसला येतो. जेवल्यावर दोन ते चार डोळे उघडे राहत नाहीत. दुपारची शीतकडी (भात आणि कढी) बंद करू का?

बंद नको, शीत कमी करा. दुपारची ही पेंग शरीराच्या घड्याळात आहे, न जेवलेल्या माणसालाही ती येते. भाताचा मोठा ढीग आणि रात्रीची अपुरी झोप तिला वाढवतात. भात निम्मा आणि मासळी, डाळ, भाजी जास्त घेऊन आठवडाभर पाहा.

खरा बदल कामाच्या वाटणीत हवा. मसुदा लिहिणं, आकडेमोड, निर्णयाची टिपणी हे सगळं साडेबाराच्या आत. दोन ते चार या वेळात फायलिंग, फोन, स्कॅनिंग, भेटी. सोय असेल तर वामकुक्षी दहा ते वीस मिनिटांची, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठल्यासारखं जडपण येतं आणि आधीपेक्षा वाईट होतं. कॉफी घ्यायची तर डोळे मिटण्याच्या लगेच आधी घ्या. तिचा असर सुरू व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर तुम्ही उठलेले असता. चारनंतर मात्र नको, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात आणि उद्याची पेंग तिथेच तयार होते.

सकाळी अकरालाही किंवा रविवारी पुरेशी झोप होऊनही पेंग येत असेल, घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

वेर्ण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सकाळची मीटिंग तासभर चालते.

उभ्याने घ्या. १९९९ साली अ‍ॅलन ब्लूडॉर्न आणि सहकाऱ्यांनी बसून आणि उभ्याने झालेल्या बैठकांची तुलना केली. बसून झालेल्या बैठका ३४ टक्के जास्त चालल्या आणि निर्णय काही सरस निघाले नाहीत. काल काय झालं ते फळ्यावर आधीच लिहिलेलं असू द्या, ते वाचून दाखवण्यात वेळ नको. बोलायचं फक्त अडलेल्यावर. दोघांपुरता प्रश्न निघाला की त्या दोघांनी नंतर थांबायचं, बाकीचे मोकळे. शेवटी काय, कोण, कधीपर्यंत एवढं लिहून घ्या. «बघू या» असं म्हणून सुटलेला मुद्दा उद्या पुन्हा येतो.

फोंड्याला छोटा छापखाना आहे. चवथीच्या आधी एकाच वेळी वीस-पंचवीस कामं हातात असतात आणि सगळ्यांना «उद्याच» हवं असतं. सगळीच सुरू करून ठेवतो, तरी सगळ्यांनाच उशीर होतो.

सगळी सुरू करता म्हणूनच उशीर होतो. हातातल्या कामांना रोज पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला सरासरी किती दिवस लागतील ते मिळतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची गणिती सिद्धता दिली आणि ते दुकानालाही लागू पडतं. चोवीस कामं हातात आणि दिवसाला चार निघत असतील तर आज आलेलं काम सरासरी सहा दिवसांनी निघणार. गिऱ्हाइकाला सांगायची तारीख या भागाकारातून काढा. समोरच्याचा चेहरा बघून तारीख देऊ नका. सुरू केलेली कामं वाढवून दिवसाला चाराची पाच होत नाहीत. उलट मशीन पुन्हा पुन्हा बदलण्यात चाराची तीन होतात.

भिंतीवर एक फळा लावा: प्रूफ मंजुरी, प्लेट, छपाई, कटिंग-बाइंडिंग. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, आणि प्लेटपासून पुढच्या प्रत्येक रकान्यात तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नाहीत. पुढे जागा झाल्याशिवाय मागचं काम सरकवायचं नाही. दोन दिवसांत कळेल की सगळं कुठे तुंबतं. पुष्कळदा ते मशीनवर नसून प्रूफच्या रकान्यात असतं, म्हणजे गिऱ्हाइकाने «ठीक आहे» कळवलेलंच नसतं. लेखी मंजुरी आल्याशिवाय प्लेट काढू नका. निमंत्रणपत्रिकेतलं एक नाव बदललं तरी प्लेट वाया जाते आणि तेच काम दोनदा मशीनवर चढतं.

छपाईच्या रकान्यातली तीन कामं कोणत्या क्रमाने लावायची? तारखा अगदी जवळ असतील तर ज्याची तारीख आधी ते आधी. तारखांत सवड असेल तर छोटं काम आधी, म्हणजे वाट पाहणारी माणसं लवकर कमी होतात. या दोन्हींत शक्य तेवढं, एकाच शाईची आणि एकाच मापाच्या कागदाची कामं शेजारी आणा. रंग बदलायचाच असेल तर फिक्याकडून गडदाकडे जा: पिवळा, मग लाल, मग काळा. उलट गेलात तर रोलर जास्त वेळा धुवावे लागतात आणि तरीही पिवळ्यात काळपट छटा उतरते. आरतीच्या पुस्तिकांसारखी दरवर्षीची ठरलेली कामं असतील तर त्यांची प्रूफं आषाढातच मंजूर करून घ्या, म्हणजे श्रावणात फळ्यावर फक्त नवी कामं राहतील.